सांगितली एक ओळ, बदलल्या एकवीस फायली: जुन्या प्रोजेक्टमध्ये एआय एजंट घोळ घालतो तेव्हा काय तपासायचं

एआय एजंट म्हणजे आपण सांगू तसा कोड स्वतः बदलणारा प्रोग्रॅम. आधी लक्षणं, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

आडत्याच्या पट्टीवरची (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबावरची) तारीख थोडी उजवीकडे सरकव, एवढंच सांगितलं होतं. दोन मिनिटांनी एजंट ‘झालं’ म्हणाला आणि डिफ (काय बदललं ते दाखवणारी यादी, काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या) उघडला तर एकवीस फायली. किंवा फाइल एकच, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी लाल, सगळी हिरवी, आणि डोळे फाडून पाहिलं तरी दोन्हीकडे मजकूर तोच. किंवा सांगितलेला बदल अगदी बरोबर, पण शेजारचा रिपोर्ट अजून जुनाच आकडा दाखवतो. टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) सगळ्या पास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाचा फोन. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. आणि सगळ्यांत ओळखीचं लक्षण म्हणजे चूक दाखवली की एजंट दिलगिरी व्यक्त करतो, ती चूक काढतो आणि आतापर्यंत धड चाललेलं दुसरंच काहीतरी मोडतो.

मी पुण्यात लहान धंद्यांची जुनी सॉफ्टवेअर सांभाळतो. मार्केट यार्डातले दोन-तीन आडते, नाना पेठेतलं एक स्पेअर पार्टचं दुकान, भोसरीतली एक-दोन वर्कशॉप. कोड बहुतेक पीएचपी, थोडा नोड, आणि जवळजवळ सगळा दुसऱ्या कुणीतरी लिहून सोडून दिलेला. गेल्या दीड-दोन वर्षांत माझ्याकडे आणि मित्रांकडे हाच बिघाड इतक्या वेळा पाहिला की आता तपासायचा क्रम पाठ झालाय. एजंट क्लॉड कोड असो, कर्सर असो, कोपायलट असो, क्रम तोच. एजंटमागचं मॉडेल बदलून पाहणं हा उपाय सगळे पहिल्यांदा करतात. मी तो शेवटी ठेवतो, कारण दहातल्या आठ वेळा दोष आपल्या प्रोजेक्टच्या अवस्थेत असतो.

गिट स्टेटस, तेही काम सांगायच्या आधी

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्याची स्टेटस ही कमांड अजून न नोंदवलेले बदल दाखवते. याला पैसा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं. स्टेटस स्वच्छ नसेल तर एजंटला काही सांगू नका. तुमचं अर्धवट काम कमिट करा (गिटमध्ये नोंदवा) किंवा स्टॅशमध्ये (तात्पुरतं बाजूला) टाका, नवी ब्रांच (कामाची वेगळी फांदी) काढा, मगच बोला.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मित्राच्या मुलाचं तीन दिवसांचं काम कमिट न करता पडलेलं होतं. त्यावर त्यानं एजंटला एक छोटी दुरुस्ती सांगितली. ती जमली नाही, तर हा म्हणाला, ‘आधी होतं तसं कर.’ एजंटनं गिटमधून फाइल जशीच्या तशी परत आणली. ‘आधी’ म्हणजे शेवटचा कमिट, तीन दिवसांपूर्वीचा. त्यात एजंटची चूक शोधायला गेलात तर सापडणार नाही. गिटच्या रेफलॉगमध्ये, म्हणजे जुन्या कमिटांच्या नोंदवहीत, फक्त कमिट झालेलं सापडतं, कमिटच न केलेलं तिथे कसं असेल? व्हीएस कोड या एडिटरच्या टाइमलाइनमध्ये दोन फायली मिळाल्या, बाकी पुन्हा लिहिल्या.

डिफ खरा किती मोठा आहे ते पाहा

आता बदल झाल्यानंतरची पहिली तपासणी. गिट डिफ आधी स्टॅट लावून बघा: कुठल्या फायली आणि किती ओळी. मग तोच डिफ डब्ल्यूचा पर्याय लावून, म्हणजे मोकळ्या जागा न मोजता. चौदाशे ओळींचा डिफ तीन ओळींवर आला, तर एजंटनं काम तेवढंच केलंय आणि बाकीचा नुसता धुरळा आहे.

हा धुरळा दोन ठिकाणांहून येतो. एक, ओळीचा शेवट. विंडोज ओळ संपवायला दोन बाइट वापरतं, लिनक्स आणि मॅक एक. जुना कोड विंडोजवर लिहिलेला, एजंट लिनक्ससारख्या वातावरणात चालतोय, त्यानं फाइल पुन्हा लिहिली की प्रत्येक ओळ ‘बदलते’. यावर गिटअॅट्रिब्यूट्स नावाची फाइल प्रोजेक्टमध्ये ठेवणं हा पक्का इलाज. प्रत्येकाच्या मशीनवरच्या सेटिंगवर विसंबू नका, कारण ते सेटिंग एजंटच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे तो चालतो त्या बंदिस्त जागेत, असेलच असं नाही. दोन, फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन. प्रिटियर किंवा ब्लॅक कुणीतरी हौसेनं लावून ठेवलेला असतो, पण जुन्या फायलींवर कधी चालवलेलाच नसतो. एजंटनं त्या फाइलला हात लावला, कमिटच्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट (हुक) चालली आणि अख्खी फाइल नव्यानं मांडली गेली. फॉरमॅटिंग करायचंच तर एकदाच, वेगळ्या कमिटमध्ये, दुसरं काहीही त्यात न मिसळता.

हे दोन्ही निस्तरेपर्यंत पुढची एकही तपासणी करू नका. धुरळा बसल्याशिवाय खरा बदल दिसत नाही, आणि न दिसलेला बदल तुम्ही मंजूर करून बसता.

आपलंच वाक्य पुन्हा वाचा

मराठीत आपण कामं सांगतो ती समोरच्याला दुकान ठाऊक आहे असं धरून. ‘ते जरा नीट करून टाक.’ दहा वर्षं गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे पुरतं. एजंट आज सकाळी कामावर आलाय आणि रोज सकाळी नव्यानंच येतो.

नाना पेठेतल्या दुकानाचं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि गाडीच्या सुट्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के आले. मालकांच्या पुतण्यानं स्वतःच एजंटला सांगितलं, ‘२८ चे १८ कर.’ एजंटनं केले, चटकन आणि बिनचूक. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये दर बिलासोबत साठवलेलाच नव्हता. बिल छापताना दर एका जागेवरून उचलून हिशेब व्हायचा. त्यामुळे ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं की तेही १८ टक्क्यांनी यायला लागलं. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानं जायला हवी, तीही नव्या दरानं निघाली. मागणी एका आकड्याची वाटत होती. खरं काम होतं बिलाच्या प्रत्येक ओळीवर तिचा दर नोंदवायचं आणि तारखेवरून तो ठरवायचं.

म्हणून मी आता सांगताना चार गोष्टी सांगतोच: कुठल्या फाइलमध्ये, काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही, आणि झालं हे कशावरून ओळखायचं. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. ‘१० ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर २८ टक्केच दिसायला हवेत’ हे एक वाक्य सुरुवातीला दिलं असतं, तर एजंटनंच विचारलं असतं की जुना दर ठेवू कुठे. आणि काम थोडं जरी किचकट असेल तर आधी नुसता बेत लिहून मागा, कोड नको. बेत चुकीचा असेल तर तो वाचायला एक मिनिट लागतं. चुकीचा कोड वाचायला संध्याकाळ जाते.

दोनदा चुकलं की सेशन बंद

तिसऱ्यांदा समजावू नका, ते सेशन (एजंटबरोबरचा चालू संवाद) बंद करा. एजंटच्या डोळ्यांसमोर एका वेळी ठरावीकच मजकूर राहतो, आणि त्यात तुमच्या सूचनांबरोबर त्याचे फसलेले दोन प्रयत्नही असतात. तिसरा प्रयत्न त्याच चुकीच्या वाटेनं जातो. संवाद फार लांबला की जुना भाग आटवून सारांश केला जातो, आणि सुरुवातीला सांगितलेलं ‘त्या फाइलला हात लावू नकोस’ त्या आटवण्यात गळून पडू शकतं. डिफ टाकून द्या, नवं सेशन उघडा, आणि पहिल्या दोन वेळी जे कळलं ते पहिल्याच वाक्यात लिहा. टाकून द्यायला जीव होत नाही हे मला माहीत आहे. मीसुद्धा एका गुरुवारी, लाइट गेलेली असताना, लॅपटॉपच्या बॅटरीवर सहावा प्रयत्न करत बसलो होतो.

एकाच नावाची तीन स्पेलिंगं

हे मी दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात फारसं ऐकलेलं नाही. आपल्याकडच्या जुन्या कोडमध्ये मात्र हे पावलोपावली आहे.

आपण मराठी शब्द रोमन लिपीत लिहून त्यांची नावं ठेवतो. आडतीसाठी एकानं एक ‘ए’ लिहिला, दुसऱ्यानं दोन ‘ए’, आणि तिसरा आढत म्हणणारा, म्हणून त्यानं ‘डी’पुढे ‘एच’ लावला. हमाली कुठे शेवटी ‘आय’ने, कुठे ‘डबल ई’ने. तोलाई तर एका टेबलमध्ये तोलाई आहे आणि दुसऱ्यात चक्क वजनाचा इंग्रजी शब्द. माणूस वाचताना मनात उच्चार करतो, त्याला तिन्ही एकच वाटतात. एजंट मात्र बहुतेक वेळा अक्षरं जुळवून शोधतो. त्याला एक स्पेलिंग सापडलं, तेवढ्या सात जागा त्यानं बदलल्या, आणि ‘सगळीकडे बदल केला’ असं मनापासून सांगितलं. उरलेल्या दोन स्पेलिंगांच्या चार जागा महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये होत्या. बदल बरोबर आणि शेजारचा आकडा जुना, हे लक्षण दिसलं की मी आधी इथेच पाहतो.

तपासणी सोपी आहे. तुमच्या धंद्यातले पंधरा-वीस शब्द कागदावर लिहा आणि प्रत्येकाची सुचतील तितकी स्पेलिंगं करून प्रोजेक्टमध्ये शोधा. अर्धा-पाऊण तास जातो. जे सापडेल ते एजंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये टाका. बऱ्याच साधनांना ‘एजंट्स डॉट एमडी’ चालते, क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये त्या फाइलच्या पहिल्या बारा ओळी म्हणजे नुसता शब्दकोश आहे: पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेब, बिल म्हणजे खरेदीदाराचं, आणि ही दोन टेबलं कधी एक करायची नाहीत. सगळी नावं एकदाच सुधारून टाकावीत असा मोह होईल. लहान बदलाच्या निमित्तानं तो नको.

त्याच फाइलमध्ये ‘मेलेला वाटतो पण जिवंत आहे’ असा कोडही नोंदवा. २०१६ मध्ये भाजीपाला आणि फळांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम झाला. यार्डातल्या एका शेठच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापणारा जुना भाग तेव्हापासून तसाच आहे, तारखेच्या अटीमागे. आजच्या पट्टीसाठी तो कधीच चालत नाही. पण जुना वाद निघाला की शेठ २०१५ ची पट्टी काढायला सांगतात, आणि तेव्हा तोच भाग लागतो. एजंटनं तो ‘न वापरलेला कोड’ म्हणून साफ केला होता, आणि त्याला तसं वाटणं अगदी साहजिक होतं. तो भाग का ठेवलाय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या आणि शेठच्या डोक्यात होतं.

मराठी अक्षरं बिघडली असतील तर

आधी हात थांबवा, ती फाइल पुन्हा सेव्ह करू नका. मग बिघाडाचा चेहरा पाहा, कारण त्यावरून इलाज ठरतो.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ आणि त्याच्या मागे चलनाच्या खुणेसारखं चिन्ह (¤ किंवा येनचं ¥), अशी रांगच्या रांग दिसत असेल तर घाबरू नका. युनिकोड मराठी कुणीतरी जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या जुन्या पद्धतीनं, वाचलीय. बहुतेक वेळा बाइट शाबूत असतात, वाचायची पद्धत सुधारली की अक्षरं परत येतात.

साधी प्रश्नचिन्हं ओळीनं दिसत असतील आणि ती डेटाबेसमध्येही तशीच असतील, तर डेटाबेसच्या जोडणीचं किंवा टेबलचं एन्कोडिंग मराठीला जागा न देणारं होतं. जे तसं साठवलं गेलं ते गेलं. बॅकअपमधून आणावं लागेल.

काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह दिसलं तर जरा विचारात पडा. पुण्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांच्या काळात लिहिलेला कोड भरपूर आहे. त्या फायलींत देवनागरी नसतेच. असतात त्या लॅटिन अक्षरं आणि खुणा, फॉन्ट लावला की मराठी दिसणाऱ्या, आणि त्यातल्या बऱ्याच वरच्या १२८ जागांमधल्या. एजंट फाइल यूटीएफ-८ (युनिकोडचं नेहमीचं एन्कोडिंग) समजून वाचतो, या वरच्या जागांमधल्या खुणा त्याला अवैध वाटतात, प्रत्येकीच्या जागी तोच एक हिरा बसतो आणि फाइल सेव्ह होते. त्यानंतर तिथे कुठली खूण होती, हे सांगणारं काहीही फाइलमध्ये शिल्लक राहत नाही. उपाय एकच: गिटमधून मूळ फाइल परत आणा.

म्हणून अशा प्रोजेक्टमध्ये काम सांगण्याआधी टर्मिनलवर ‘फाइल’ ही कमांड सगळ्या फायलींवर चालवून घ्या. ज्या फायली यूटीएफ-८ किंवा साध्या आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांच्या) नाहीत त्यांची यादी करा आणि त्या एजंटच्या हाताबाहेर ठेवा. त्यात बदल हवाच असेल तर स्वतः करा, एन्कोडिंग सांभाळणाऱ्या एडिटरमध्ये. एजंटला ‘एन्कोडिंग बदलून दे’ असं सांगून हे सुटत नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणायला त्या त्या फॉन्टचा तक्ता लागतो, आणि क्रमही बदलावा लागतो: जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ते वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे घ्या.

टेस्ट आणि पॅकेज

टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकण्याआधी डिफमध्ये टेस्टची फाइल आहे का पाहा. कोड सुधारण्याऐवजी अपेक्षित उत्तरच बदललं, हे मी पाच-सहा वेळा तरी पाहिलंय. टेस्टला हात लावायचा नाही, लागलाच तर आधी विचारायचं, असं सूचनांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

तसंच लॉक फाइल, म्हणजे कुठल्या पॅकेजची (बाहेरून घेतलेल्या तयार कोडची) कुठली आवृत्ती वापरायची याची यादी. एका बटणाचा रंग बदलताना ती बदलली असेल तर एजंटनं मध्येच काहीतरी इन्स्टॉल केलंय. नोडमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरायला सांगा. ती लॉक फाइल बदलत नाही, जुळलं नाही तर सरळ थांबते. आणि नवं पॅकेज आलं असेल तर ते खरोखर आहे का, कुणाचं आहे, हे स्वतः बघा. मॉडेल कधीकधी नसलेल्या पॅकेजची नावं सुचवतात आणि नेमक्या त्या नावानं कुणीतरी घातक पॅकेज टाकून ठेवू शकतं.

शेवटची आणि सगळ्यांत कष्टाची तपासणी

इथवर काहीच सापडलं नाही, तर प्रोजेक्टला आजचं वागणं पकडून ठेवणारं काहीतरी हवंय. जुन्या सॉफ्टवेअरला टेस्ट नसतात आणि बसून लिहायला वेळही नसतो. मी असं करतो: बॅकअपच्या प्रतीवरून तीस जुन्या पट्ट्या निवडतो. निवड शेठला करायला सांगतो, कारण भानगडीच्या पट्ट्या त्यांना तोंडपाठ असतात: मालाचा काही भाग सडलेला, गाडीभाडं दोघांत वाटलेलं, उचल आधीच दिलेली, पैशांची पूर्णांकी वादात गेलेली. त्या तीस पट्ट्या मजकूर म्हणून छापून एका फोल्डरमध्ये कमिट करतो. बदलानंतर पुन्हा छापायच्या आणि दोन्ही फोल्डरांचा डिफ घ्यायचा. तारीख सरकवली असेल तर तारखेचीच ओळ बदललेली दिसायला हवी. रकमेत एक पैसाही हलला, तर काम झालेलं नाही. छापायची आणि जुळवायची ती कमांड एजंटलाच देऊन ठेवा, म्हणजे ‘झालं’ म्हणण्याआधी तो ती चालवेल. पहिल्यांदा हे उभं करायला मला दीड दिवस लागला. त्यानंतर त्या प्रोजेक्टवरचे रात्रीचे फोन जवळपास बंद झाले.

इथे थांबा

प्रोजेक्ट गिटमध्येच नाही आणि कोड सर्व्हरवर थेट बदलला जातो, तर एजंट बंद करा. आधी फोल्डर आणि डेटाबेस यांची प्रत घ्या. ते स्वतः जमत नसेल तर जमणाऱ्याला बोलवा. तासाभराचं काम आहे.

बदलासाठी चालू डेटाबेसच्या टेबलची रचना बदलावी लागणार असेल, किंवा एजंटनं तशी कमांड चालवलीच असेल, तर पुढची एकही कमांड देऊ नका. ‘आता उलटं कर’ हे तर नकोच. धंद्याच्या नोंदी थांबवा आणि डेटाबेस जाणणाऱ्या माणसाला बोलवा. दर मिनिटाला नव्या नोंदी पडत राहिल्या तर बॅकअप परत आणणं अवघड होत जातं.

पासवर्ड किंवा पेमेंटची की डिफमध्ये दिसली आणि कमिट बाहेर ढकललेला (पुश केलेला) असेल, तर ओळ पुसून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात ती राहते. की लगेच रद्द करून नवी घ्या, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळवा.

मूळ कोड लिहिणारा माणूस अजून फोन उचलत असेल, तर दोन दिवस अंदाज बांधण्यापेक्षा त्याला विचारा. माझ्या एका प्रोजेक्टचा मूळ लेखक आता साताऱ्याला शेती करतो. तारखेची ती २०१६ ची अट कशासाठी हे मला पहिल्यांदा त्यानंच फोनवर चाळीस सेकंदांत सांगितलं.

आणि चुकलेल्या दरानं बिलं निघून गिऱ्हाइकांच्या हातात पडली असतील, रिटर्नही भरलं असेल, तर सॉफ्टवेअर कितीही सुधारलं तरी ती बिलं सुधारत नाहीत. नाना पेठेतल्या पुतण्यानं त्या संध्याकाळी मला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मी त्याला सांगितलं की आता सीएला लाव.